नाचाचे लाइट क्यू टाइमकोडवर बांधायचे आहेत : केबलपासून वन्स मोअरपर्यंत

विंगेतला_उजेड (धागाकर्ता)

मंडळी, दोन तासांचा नृत्याचा कार्यक्रम आहे. लाइटचे क्यू (ठरल्या क्षणी होणारे बदल) टाइमकोडवर, म्हणजे गाण्यासोबत धावणाऱ्या तास-मिनिट-सेकंद-फ्रेमच्या घड्याळावर, बांधायचे आहेत. बारा नाच, अकरा ट्रॅकवर. मधे निवेदन, आणि दुसऱ्या अंकात एक लावणी जिवंत ढोलकी-पेटीवर.

साहित्य : ग्रँड एमए टू लाइट कन्सोल, विंडोज लॅपटॉपवर रीपर (आवाजाचं सॉफ्टवेअर), चार आउटपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, नाट्यगृहाचा डिजिटल मिक्सर. १२ मूव्हिंग हेड, २४ एलईडी पार, ८ हॅलोजन पार ६४, २ ब्लाइंडर. मागे एलईडी वॉल, ती रिझोल्यूम अरीना या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरवर.

विचारायचंय ते असं. एलटीसी (आवाजाच्या रूपातला टाइमकोड) घ्यावा की एमटीसी (मिडीच्या डिजिटल संदेशांतून जाणारा)? सिग्नल कुठून काढायचा? क्यू गाणं ऐकत रेकॉर्ड करायचे की वेळ टाइप करून? आणि लावणीचं काय करायचं?

---

फ्रेम_पंचवीस

एलटीसी घ्या. तुमच्या कन्सोलला मागे एलटीसीसाठी वेगळा एक्सएलआर इनपुट आहे, मग मिडीच्या वाटेला जाऊ नका.

एमटीसीत एक पूर्ण वेळ आठ तुकड्यांत येते, दर पाव फ्रेमला एक तुकडा. म्हणजे एक आकडा पुरा व्हायला दोन फ्रेम, २५ च्या रेटला ८० मिलिसेकंद. कन्सोल मधला हिशोब स्वतः करतो, त्यामुळे एरवी जाणवत नाही, पण गाणं मधूनच सुरू केलं की पहिला क्षण अडखळतो. शिवाय यूएसबी मिडी हबवरून फिरवली की तुकडे वेळेवर पोचतीलच असं नाही. एलटीसी हा साधा ऑडिओ आहे. दर फ्रेमला ८० बिट, २५ फ्रेमला सेकंदाला २००० बिट, १ ते २ किलोहर्ट्झच्या टप्प्यातला कर्कश आवाज. तो ज्या फाइलीत गाणं त्याच फाइलीशेजारी वाजतो, म्हणून गाण्यापासून सुटत नाही. हाच त्याचा खरा फायदा.

फ्रेम रेट २५ ठेवा. आपल्याकडे दुसरं काही निवडायला कारण लागतं. २९.९७ ड्रॉप फ्रेम अमेरिकन टीव्हीसाठी आहे. त्यात दर मिनिटाला ०० आणि ०१ हे दोन आकडे गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला नाही. तो नकळत निवडला गेला तर डोकं फिरेल.

रीपरमध्ये असं करा :

प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये सॅम्पल रेट ४८०००, फ्रेम रेट २५. वरची पट्टी तास-मिनिट-सेकंद-फ्रेमवर लावा. इन्सर्ट मेनूतून एसएमपीटीई (टाइमकोडचं प्रमाण) टाइमकोड जनरेटर नव्या ट्रॅकवर टाका, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये सुरुवातीची वेळ आणि २५ फ्रेम भरा. मग तो आयटम ग्लू करून वेव्ह फाइल बनवून टाका, म्हणजे शोच्या दिवशी जनरेटरवर अवलंबून राहायला नको. एमपी३ अजिबात नको.

प्रत्येक नाचाला एक तास द्या. पहिला ०१:००:००:००, दुसरा ०२:००:००:००, असं. तास २३ पर्यंतच जातात, तुम्हाला पुरतात. जास्त नाच असतील तर एकेका तासात १५-१५ मिनिटांचे कप्पे पाडायचे. ००:००:००:०० पासून कधीच सुरू करू नका. थोडा प्री-रोल (गाण्याआधी धावणारा नुसता टाइमकोड) दिला की घड्याळ मागे २३:५९ वर जातं आणि कन्सोलला वाटतं दिवस संपत आला.

गाण्याआधी ५ ते १० सेकंद प्री-रोल हवाच. वाचणाऱ्याला लॉक व्हायला काही फ्रेम लागतात. गाण्याचा पहिला ठोका ०१:००:१०:०० ला ठेवा, म्हणजे हिशोबही सोपा. गाणं संपल्यावर आणखी १० सेकंद टाइमकोड चालू राहू द्या, शेवटचा फेड त्यात बसतो.

---

ठाण्याचा_साउंड

वरचं सगळं बरोबर. पण टाइमकोड बिघडतो तो बहुतेक वेळा केबलमध्ये, आणि लाइटवाला मात्र कन्सोलची सेटिंग उलटसुलट करत बसतो. म्हणून साउंडच्या बाजूने चार गोष्टी.

इंटरफेसचे १ आणि २ गाण्याला, ३ वर काउंट किंवा क्लिक, ४ वर एलटीसी. चौथा आउटपुट थेट लाइट कन्सोलकडे न्या. मिक्सरमधून फिरवू नका. फिरवावाच लागला, कारण स्टेज बॉक्स तिथेच आहे, तर चॅनलचा ईक्यू, गेट, कॉम्प्रेसर, लो-कट सगळं बंद करून डायरेक्ट आउट घ्या. तो चॅनल एलआरला (मुख्य स्पीकरला) असाइन राहिला तर तिसऱ्या घंटेनंतर प्रेक्षकांना फॅक्स मशीन ऐकू येईल. ४८ व्होल्ट फँटमही बंद आहे ना ते बघा.

इंटरफेसचा आउटपुट बॅलन्स्ड असेल तर टीआरएस ते एक्सएलआर केबल. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकला हीच केबल लावू नका. तिथे टिपला डावा, रिंगला उजवा चॅनल असतो. एक्सएलआरच्या पिन २ आणि ३ वर ते दोन्ही जातात आणि घेणारा त्यांतला फरक वाचतो. दोन्ही बाजूंना तोच एलटीसी असेल तर फरक शून्य, म्हणजे मीटर हलतंय पण कन्सोलवर काही नाही. एका बाजूला गाणं असेल तर एलटीसीत गाणं मिसळतं आणि जोरकस ठोक्याला वेळ तुटते. हेडफोनमधून काढायचाच तर डावा-उजवा वेगळा करणारी केबल, आणि एलटीसीच्या टोकाला पिन ३ पिन १ ला जोडलेली.

हम (विजेची घरघर) येत असेल, आणि जुन्या डिमरच्या नाट्यगृहात येतोच, तर पॅसिव्ह डीआय बॉक्स घालायचा मोह होतो. डीआय सिग्नल सुमारे २० डेसिबलने उतरवतो, माइक लेव्हलला आणतो. कन्सोलला लाइन लेव्हल हवी. म्हणून डीआय नाही, एकास एक लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या.

लेव्हल : फाइलीत पीक उणे १० ते उणे ६ डीबीएफएस ठेवा. जास्त चढवून कडा कापल्या गेल्या तरी बऱ्याचदा वाचतो, पण शेजारच्या चॅनलमध्ये झिरपायला लागतो. पोलॅरिटी उलटी असली तरी चालते, या कोडला त्याचा फरक पडत नाही; तिथे वेळ घालवू नका.

लॅपटॉपवर विंडोजचे आवाज बंद, ऑडिओ एन्हान्समेंट बंद, स्लीप बंद, वायफाय बंद. ब्लूटूथ स्पीकर जोडलेला राहिला असेल तर आउटपुट तिकडे पळतो.

---

विंगेतला_उजेड

खूप आभार. घरी जोडून बघितलं. कन्सोलवर वेळ धावते, तुटत नाही. पण एक विचित्र गोष्ट दिसतेय. रीपरमध्ये वेव्ह बघून वेळ काढली आणि कन्सोलवर टाइप केली. सेकंदाच्या सुरुवातीला असलेले क्यू चोख पडतात, सेकंदाच्या शेवटाकडचे उशिरा. काही तर पुढच्या सेकंदालाच पडतात. ऑफसेट दिला की सुरुवातीचे बिघडतात.

---

फ्रेम_पंचवीस

कन्सोलवर ३० फ्रेम लागलेत, येतोय २५. ही खूण पक्की आहे.

०.८ सेकंदावरचा ठोका ३० च्या मोजणीत २४ वी फ्रेम. तुमच्या सिग्नलमध्ये २४ हा आकडा येतो ०.९६ सेकंदाला. म्हणजे १६० मिलिसेकंद उशीर, उघड दिसणारा. ०.९ सेकंदाचा ठोका २७ वी फ्रेम झाला. २५ च्या सिग्नलमध्ये २७ हा आकडा येतच नाही, म्हणून तो पुढचा सेकंद सुरू झाल्यावर पडतो. सेकंदाच्या सुरुवातीला दोन्ही मोजण्या जुळतात, म्हणून ते क्यू बरोबर. ऑफसेटने हे सुटणार नाही.

येणाऱ्या वेळेच्या आकड्याकडे बघा : शेवटचा भाग २४ वरून ०० ला गेला तर २५, २९ वरून गेला तर ३०. मग रीपर, कन्सोलचा स्लॉट, टाइमकोड ऑब्जेक्टचं एकक आणि रिझोल्यूम, चारही ठिकाणी २५ करा. एकक बदलल्यावर आधी टाइप केलेले आकडे कन्सोल कसे बदलतो ते दोन-चार क्यूंवर तपासा, नाहीतर सगळ्याच वेळा दुसऱ्यांदा टाकाव्या लागतील.

---

पॅनटिल्ट

आता प्रोग्रॅमिंगचं. एमए टू मध्ये दोन वाटा आहेत. क्यूच्या ट्रिग कॉलममध्ये 'टाइमकोड' निवडून तिथेच वेळ लिहायची, किंवा टाइमकोड पूलमध्ये वेगळा ऑब्जेक्ट करून त्यात एक्झिक्युटरच्या (क्यूलिस्ट चालवणारं बटण-फेडर) घटना ठेवायच्या. पहिली वाट पाच-सहा क्यूंच्या गाण्याला ठीक. नाचाला दुसरीच घ्या, कारण त्यात मुख्य क्यूलिस्ट, ब्लाइंडरचा फ्लॅश आणि इफेक्टचा वेग हे तीन वेगळ्या ओळींत दिसतात आणि एकेक सरकवता येतात.

प्रत्येक नाचाला स्वतंत्र सिक्वेन्स (क्यूंची यादी) आणि स्वतंत्र टाइमकोड ऑब्जेक्ट. सगळे बारा एकाच लांबलचक पट्टीवर टाकणारे लोक असतात. मग पाहुणे उशिरा येतात, दीपप्रज्वलन पाचव्या नाचानंतर होतं, सत्कार मधेच घुसतो, आणि पट्टीचे तुकडे करत बसावं लागतं. तासवार वेगळे असतील तर क्रम कितीही बदला, साउंडवाल्याने गाणं लावलं की लाइट त्याच्या मागे.

रेकॉर्ड की टाइप? दोन्ही. आधी गाणं लावून रेकॉर्ड चालू करा आणि बटणावर हात ठेवून एकदा सगळे क्यू पाडा. अपेक्षित सम असेल तर हात बरोबर पडतो, अचानक येणाऱ्या कटला ४-५ फ्रेम मागे राहतो. नंतर वेव्ह बघून फक्त ते कट दुरुस्त करा. रीपरमध्ये मार्कर टाकून ठेवले असतील तर रीजन-मार्कर मॅनेजरमधून सीएसव्ही काढता येते, ती कागदावर छापून शेजारी ठेवा.

चुका होतात त्या इथे :

टाइमकोडवरच्या सिक्वेन्समध्ये फॉलो किंवा टाइम ट्रिगर ठेवू नका. क्यू ४ आपोआप ५ ला ढकलतो, मग टाइमकोडही ५ मागतो, आणि फेड अर्ध्यातून पुन्हा सुरू होतो. डोळ्याला तो झटका बसतो.

घटना नुसती 'गो' नसावी, तिला क्यूचा क्रमांक असावा. 'गो'वर चालणाऱ्या यादीत एक क्यू चुकला की पुढचं अख्खं गाणं एका घराने मागे.

तालमीत कोरिओग्राफर 'अंतऱ्यापासून पुन्हा' म्हणणार. तेव्हा टाइमकोड मधेच उडी मारतो. ऑब्जेक्टच्या ऑप्शन्समध्ये स्टेटस कॉल चालू असेल तर त्या क्षणी जी स्थिती असायला हवी ती येते; नसेल तर पुढची घटना येईपर्यंत जुनाच लाइट.

प्रत्येक ठोक्याला क्यू करू नका. १०० बीपीएमला ठोका ०.६ सेकंद, बरोबर १५ फ्रेम, छान बसतो. १२० ला साडेबारा फ्रेम होतात, मग एक १२ चा, एक १३ चा. २० मिलिसेकंदांचा फरक दिसत नाही, पण ती दोनशे क्यूंची रांग सांभाळायला नको वाटते. तिथे चेस (आपोआप फिरणारी पायऱ्यांची साखळी) किंवा इफेक्टला वेग द्या आणि टाइमकोडने फक्त तो सुरू-बंद करा.

मूव्हिंग हेडची पुढची जागा आधीच्या अंधारात घेऊन ठेवा. मोठ्या पॅनला दोन-तीन सेकंद लागू शकतात. कटच्या क्यूत जागा, रंग, गोबो (उजेडातली नक्षी) आणि डिमर एकत्र ठेवले तर प्रेक्षकांना डोकी फिरताना दिसतात. कटच्या क्यूत फक्त डिमर.

आणि जागा, रंग सगळं प्रीसेटमधून (साठवून ठेवलेल्या नोंदींमधून) घ्या. नाट्यगृह बदललं की टाइमकोडला हात लावायचा नाही, फक्त पोझिशन प्रीसेट अपडेट करायचे. तीन सत्रांच्या नाट्यगृहात तुम्हाला फोकसिंगला जेमतेम वेळ मिळतो; त्यात क्यू लिहायला बसलात तर पडदा उशिरा उघडेल.

---

हॅलोजनप्रेमी

पॅनटिल्टताई, सगळं मान्य, फक्त हॅलोजन पार विसरलात. एक किलोवॉटची फिलामेंट बटण दाबलं की पेटत नाही, पाव सेकंद किंवा जास्त घेते. त्याच क्यूत एलईडी आणि पार ६४ एकत्र मारले तर आधी एलईडी, मग पिवळा मागून. दोन उपाय. पार ८ ते १० टक्क्यांवर तापवून ठेवा, काळ्या पडद्यावर ते जवळपास दिसत नाही. आणि त्यांचा कट वेगळ्या ओळीत ५-६ फ्रेम आधी टाका.

बाकी माझं मत ठाऊक आहे सगळ्यांना. ज्या नाचात पंधरा क्यू आहेत आणि सगळे लांब फेड, तिथे टाइमकोड हवाच कशाला? चांगला ऑपरेटर हाताने चालवतो आणि नर्तकी एखादी गिरकी लांबवली तर थांबतोही.

लावणीला तर हातच. ढोलकीवाला तोडा वाढवणार, शिट्ट्या आल्या की बाई पुन्हा मुखड्यावर येणार. तिथे घड्याळ काय करणार?

---

फ्रेम_पंचवीस

लावणीबद्दल वाद नाही. सूत्र एवढंच : जे ट्रॅकवर वाजतंय ते टाइमकोडवर, जे माणूस वाजवतोय ते माणसाच्या हातात. निवेदन, सत्कार, लावणी, पडदा हे सगळं वेगळ्या पेजवरच्या एक्झिक्युटरवर.

पंधरा क्यूंच्या नाचाला टाइमकोड नको हेही पटतं. पण अकरा नाच एकाच माणसाने चालवायचे आणि त्यातले सहा फ्युजन, तीन-तीन सेकंदांना कट, तर त्याचा हात मोकळा राहणं महत्त्वाचं. तो फॉलोस्पॉटवाल्याला सांगू शकतो, हेझ बघू शकतो, कुणी जागा चुकलं तर एक पार वर घेऊ शकतो.

'वन्स मोअर'ची तयारी ठेवा. गाणं संपून पुन्हा सुरू झालं की टाइमकोड मागे जातो. ऑब्जेक्टला ऑटोस्टार्ट असेल तर तो आपोआप पहिल्यापासून पकडतो. पण आधीच्या फेरीत शेवटी चालू राहिलेला इफेक्ट बंद झाला पाहिजे. म्हणून प्रत्येक नाचाच्या प्री-रोलमध्ये, पहिल्या ठोक्याच्या ८ सेकंद आधी, एक 'झाडू' क्यू टाका : सगळे फ्लॅश आणि इफेक्ट बंद, डोकी सुरुवातीच्या जागी.

---

भिंतवाला

वॉलच्या बाजूने. अरीनात क्लिपचा ट्रान्सपोर्ट एसएमपीटीईवर लावायचा आणि ऑडिओ इनपुटला एलटीसी द्यायचा. हे फक्त अरीनात आहे, रिझोल्यूमच्याच अव्हेन्यूत नाही. एलटीसी दोघांना वाटताना ट्रान्सफॉर्मरचा स्प्लिटर वापरा. साध्या वाय केबलनेही चालतं, पण व्हिडिओच्या लॅपटॉपच्या चार्जरचा हम मग तुमच्या कन्सोलमध्ये येतो.

चित्र लाइटच्या मागे पडणार हे गृहीत धरा. ग्राफिक्स कार्ड, स्केलर, वॉलचा प्रोसेसर प्रत्येक जण फ्रेमभर वेळ खातो. मोजायची पद्धत : एकाच वेळेवर पांढरा फ्लॅश वॉलवर आणि ब्लाइंडरवर ठेवा, मोबाइलच्या स्लो मोशनवर दोन्ही एका चौकटीत घ्या. २४० फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या आसपास. जितका फरक तितका क्लिपचा ऑफसेट पुढे घ्या. लाइट मागे ढकलू नका, तो गाण्याशी बसलाय.

आणि फार बारीक जाऊ नका. डीएमएक्स (कन्सोलकडून लाइटला जाणारा सिग्नल) भरलेल्या युनिव्हर्सला (चॅनलच्या एका पूर्ण गटाला) सेकंदाला जास्तीत जास्त ४४ वेळा जातो, म्हणजे २३ मिलिसेकंद तिथेच. १७ मीटरवरच्या प्रेक्षकाला आवाज ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. एक फ्रेम इकडेतिकडे कुणालाच कळत नाही.

---

नवशिका_डिमर

मधेच विचारतो. गाणी एका लॅपटॉपवर आणि टाइमकोड दुसऱ्यावर, दोघांना एकदम प्ले दिलं तर चालेल का? आमच्या साउंडवाल्याला त्याच्या मशीनवर काही टाकू द्यायचं नाहीये.

---

ठाण्याचा_साउंड

नाही. एकदम प्ले म्हणजे दोन माणसांच्या बोटांचा फरक, तो दर गाण्याला वेगळा. शिवाय दोन्ही घड्याळं सारखी नसतात. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५० चा) फरक असेल तर तासाला ०.१८ सेकंद, साडेचार फ्रेम. पाच मिनिटांच्या गाण्यात तो नगण्य, तासाभराच्या सलग ट्रॅकला दिसतो.

त्याला काही इन्स्टॉल करायला लावू नका. त्याला स्टिरिओ वेव्ह द्या : डावीकडे गाणं मोनो, उजवीकडे एलटीसी. तो कुठल्याही प्लेअरवर वाजवेल. मिक्सरवर डावा चॅनल दोन्हीकडे, उजवा फक्त तुमच्याकडे. गाणं मोनो होतं, पण बहुतेक नाट्यगृहांत फरक पडत नाही. एबलटन वापरत असेल तर एलटीसीच्या क्लिपचा वॉर्प बंद असल्याची खात्री करा. वॉर्प आवाज ताणतो, आणि ताणलेला कोड वाचता येत नाही.

---

पॅनटिल्ट

शेवटचं, बंद पडलं तर काय.

सिग्नल तुटला की कन्सोल आहे त्या क्यूवर थांबतो. काही कन्सोल थोड्या फ्रेम स्वतःच्या घड्याळावर पुढे चालतात, नंतर थांबतात. अंधार होत नाही, पण गाणं पुढे जातं आणि लाइट गोठतो. म्हणून प्रत्येक नाचाचा मुख्य एक्झिक्युटर समोर फेडरवर असू द्या, आणि टाइमकोड ऑब्जेक्ट थांबवायचं बटण त्याच्या शेजारी. आधी ते दाबायचं, मग हाताने गो. उलटं केलंत तर सिग्नल परत आल्यावर तो तुमच्या हातातून यादी हिसकावतो.

क्यूंना नावं द्या, 'मुखडा दुसरा', 'तबला कट', अशी. नुसत्या आकड्यांवरून अंधारात कुठे आहोत ते कळत नाही.

रंगीत तालमीत एकदा मुद्दाम, न सांगता, एलटीसीची केबल गाण्याच्या मध्यात काढा. ऑपरेटर चार सेकंदांत हातावर आला तर ठीक.

कोल्ड पायरो, सीओटू जेट, स्टेजची लिफ्ट टाइमकोडवर थेट कधीही नाही. टाइमकोडने वेळ द्यायची, पण ती पुढे जाण्यासाठी ज्याला स्टेज दिसतंय त्या माणसाने दाबून धरलेलं वेगळं बटण हवं. हात सुटला की काही उडता कामा नये.

---

विंगेतला_उजेड

फ्रेम रेट चारही ठिकाणी २५ केला, उशीर गेला. पार वेगळ्या ओळीत घेतोय. झाडू क्यूबद्दल एक शंका : निवेदकावर स्पेशल (त्याच्यापुरता दिवा) चालू असताना प्री-रोल सुरू झाला तर तोही जाणार का?

---

फ्रेम_पंचवीस

निवेदनाचा स्पेशल वेगळ्या सिक्वेन्सवर, जास्त प्रायॉरिटीने, आणि झाडू क्यूच्या यादीत त्याचा एक्झिक्युटर नसू द्या. तो हातानेच उतरवायचा, निवेदक विंगेत पोचल्यावर. आणि साउंडवाल्याला प्ले द्यायला निवेदकाच्या शेवटच्या वाक्याचा क्यू द्या. दहा सेकंदांचा प्री-रोल टाळ्यांत निघून जातो.